भंडारा कोणी उचलायचा

बीडमध्ये एका शिकवणीवर्गाची खोली आम्हाला रविवारी दुपारी वापरायला मिळते. आठवडाभर तिथं बारावीची मुलं बसतात. रविवारी आम्ही बसतो, दारू सोडलेली किंवा सोडू पाहणारी माणसं. खालचा पानटपरीवाला या बैठकीला ‘बेवड्यांची शिकवणी’ म्हणतो. नवीन माणसानं जिना कुठं म्हणून विचारलं की तो रस्त्याला ऐकू जाईल असं सांगतो, "जा वर. फी न्हाई, निकाल बी न्हाई." निम्मे लोक तिथूनच परत जातात, असं बैठक चालवणारे काका म्हणतात. काका तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. टपरीवाल्याशी ते भांडत नाहीत. "जो टपरीवाल्याला भ्याला, तो दारूपुढं काय टिकणार," एवढंच बोलतात.

बैठकीत नाव, आडनाव सांगायचं नसतं. मी दारुडा आहे, एवढीच ओळख. आडनाव न विचारता शेजारी बसायला जागा देणारी या जिल्ह्यातली माझ्या माहितीतली ही एकच खोली. अर्थात ते फार टिकत नाही. चौसाळ्याकडचा माणूस दुसऱ्या चौसाळ्याकडच्या माणसाला बोलण्यावरून ओळखतो. मग गाव निघतं, गावातली गल्ली निघते आणि गल्लीवरून बाकीचं सगळं. मी बौद्ध आहे, एका दैनिकाच्या बीड कार्यालयात उपसंपादक होतो आणि आता घरी बसून मजकूर तपासून देतो, हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळलं होतं. नोकरी दारूनं गेली. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

ज्याच्याविषयी लिहितो आहे तो माणूस धनगर. चौसाळ्याच्या पुढं त्याची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. वय चाळिशीच्या आत. माळावर मेंढरांना हाकारायचा आवाज तो खोलीतही उतरवत नसे. आमचं पहिल्यापासून जमलं नाही, आणि कारण प्रार्थनेचं होतं.

बैठक संपताना सगळे उभे राहतात आणि देवाकडे शांतपणा मागतात. मी बसून राहतो. ते नियमात बसतं. ज्याला जसा समजेल तसा देव, नाही समजला तरी हरकत नाही. असाच एकदा बसलेलो असताना, प्रार्थना संपल्या संपल्या तो माझ्या बाकापाशी आला.

"कावून उभा ऱ्हात न्हाईस बे? पाय दुखत्यात?"

"माझा देव नाही."

"देव न्हाई, मग दारू कोनी सोडवली तुझी? पेपरानं?"

मी त्याला थोडक्यात सांगितलं. आमच्याकडे लग्न असो, नामकरण असो की मयत, आधी पंचशील म्हणतात. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. तोंडाला वास असताना, मांडवात पुढच्या रांगेत उभा राहून, मी ते एकही शब्द न चुकता म्हटलेलं आहे. शेजारच्याला वास येत होता आणि तोही म्हणत होता. दारू सुटली तेव्हा ठरवलं, जे मानत नाही ते तोंडानं म्हणायचं नाही.

"बरं हाय तुमचं," तो म्हणाला. "पाचवं मोडलं तरी कोन इचारत न्हाई. आमचा देव तसा न्हाई. आमचा मोजून घेतो."

"त्याच्या धाकानं थांबलास का तू?"

त्यानं बाक पायानं सरकवला. काका चहाचे कप घेऊन दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले, म्हणून ते तिथंच थांबलं.

देव मोजून कसा घेतो, ते त्यानं नंतर एका रविवारी स्वतःच सांगितलं. काही वर्षांपूर्वी भावकीनं आणि सासऱ्यानं मिळून त्याला बिरोबाच्या देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला होता. भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन दिलेला शब्द त्यांच्यात शेवटचा. जमिनीच्या वाटण्या, चोरीचे आळ, भावाभावांची भांडणं त्यावर मिटतात. शब्द मोडला तर देव बदल्यात काहीतरी नेतो, हे तिथं कुणी कुणाला समजावून सांगत नाही. ते सगळ्यांना माहीत असतं. त्यानं जन्मात पिणार नाही म्हणून भंडारा उचलला आणि होळीच्या आत प्याला. पुढच्या पावसाळ्यात त्याची निम्म्याहून जास्त मेंढरं मेली.

"ते मेंढरांवर भागलं," तो म्हणाला. "आता घरात मेंढरं थोडी हायत अन् माणसं हायत."

बैठकीचा नियम असा की कुणी बोलल्यावर दुसऱ्यानं त्यावर बोलायचं नाही. मी बोललो.

"त्या वर्षी साथ होती. चौसाळ्याच्या पट्ट्यात सगळ्यांचे कळप गेले. ती बातमी मीच लावली होती. ज्यांनी भंडाऱ्याला कधी हात लावला नाही, त्यांची मेंढरंही मेली."

"त्यांनी बी कायतरी केलं आसंल."

"सगळ्यांनी?"

"तू काय बिरोबाचा वार्ताहर हाईस का बे? तुला तिथून फोन येतो?"

खोली हसली. तो हसला नाही, मीही नाही. काका मला म्हणाले, "बंधू, हितं बातमी करायची न्हाई. मानूस बोलला की ऐकायचं अन् गप बसायचं. जमत न्हाई तर टपरीवर बसा, तिथं चर्चा चालते."

त्यानंतर आम्ही एकमेकांकडे न बघता बसत होतो. तो खिडकीकडच्या बाकावर, मी दाराकडच्या. मला त्याचा आवाज नको होता, त्याला माझं बसून राहणं नको होतं. दोघंही येत मात्र होतो. बैठकीचं हे एक बरं आहे की तिथं एकमेकांना आवडावं लागत नाही.

मग भावकीतल्या एका लग्नाच्या हळदीला तो प्याला. डीजेपुढं पुतण्यांनी बाटली हातात दिली आणि यानं नाही म्हटलं नाही. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी घरात बायको नव्हती आणि सहा वर्षांची मुलगीही नव्हती. बायकोचं माहेर गेवराईच्या पलीकडं, उमापूरच्या पुढं एका वस्तीवर. सासऱ्यानं निरोप पाठवला: देवळात चार माणसांपुढं भंडारा उचल, लेकीच्या डोक्यावर हात ठेव, जन्मात पिणार नाही म्हण, मग बायको ने. तोवर वस्तीवर पाय ठेवू नको.

हे त्यानं पुढच्या रविवारी फळ्याकडे तोंड करून सांगितलं. दाढी वाढलेली होती आणि आवाज पहिल्यांदाच खोलीच्या मापाचा होता.

"उचलत न्हाई म्हणलं, तर म्हणत्याल ह्याला पेयचंय. उचलला, अन् मोडला..." त्यानं फळ्यावर हात टेकला. "मागच्या बारीला मेंढरं व्हती. आता पोरीच्या डोक्यावर हात ठिवा म्हंत्यात."

नियम असूनही त्या दिवशी सगळे बोलले. एक शिक्षक होते, ते म्हणाले, "उचल, बायको आण, पुढचं पुढं बघू." एका रिक्षावाल्याचं म्हणणं, सासऱ्यालाच चार शिव्या घालाव्यात. मी म्हणालो, "हळद आहे ती. उचल आणि घरी ये. साथ तेव्हाही होती, पुन्हाही येईल, त्याचा तुझ्या मुठीशी संबंध नाही."

"ह्याला भाईर काढा," तो काकांना म्हणाला. "न्हाईतर मी जातो."

काकांनी कुणालाच बाहेर काढलं नाही. "जन्माचं हितं कोनी बोलत न्हाई," ते म्हणाले. "ज्यानं ज्यानं जन्माची शपथ घेतली तो हितं येऊन बसलाय. बघा, सगळी बाकं भरल्यात. आपल्याकडं एक दिवस हाय. तू एका दिवसाचा उचल. एक दिवस मोडत न्हाईस ना?"

"आज न्हाई मोडत."

"मग आजचा उचल. उद्याचा उद्या. अन् एकटा जाऊ नको." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना घेऊन जा."

दोघं एकदमच नाही म्हणालो. आमचं एकमत झाल्याची नोंद घ्यायची तर ती हीच.

"काका, ह्यो तिथं देवळात भाषण करंल."

"म्हणूनच. तुला देव लई हाय, ह्यांना अजिबात न्हाई. मधी कुठंतरी गेवराई लागंल."

मी का गेलो, याचं कारण साधं आहे. आमच्याकडे कुणी प्यायलेला परत उभा राहत असेल तर बोलावल्यावर जावं लागतं. माझ्यासाठी एकदा एक माणूस आला होता, तोही मला आवडत नसे.

मंगळवारी सकाळी बीडच्या स्टँडवरून निघालो. तो पुढच्या सीटवर बसला, मी मागच्या. गेवराईला गाडी बदलली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"तिथं तोंड उघडायचं न्हाई. इचारलं तरच."

"विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"तीच तर भीती हाय."

उमापुरात उतरून कपाशीच्या बांधानं वस्तीवर गेलो. पत्र्याची तीन घरं, वाघुरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं, लिंबाखाली बाज. बाजेवर सासरा. पांढरं धोतर, डोक्याला लाल फेटा, हातात काठी, उठला नाही. मेहुणा मोबाइलवर काहीतरी बघत होता, त्यानंही मान वर केली नाही. जावयाला कुणी पाणी दिलं नाही. दाराशी एक बाई लोकर साफ करत बसली होती. तिनं एकदा पाहिलं आणि काम चालू ठेवलं. ती बायको. मुलगी तिच्या पाठीमागं होती, बापाकडं येऊ बघत होती. आईनं तिचा परकर पायाखाली दाबून ठेवला होता.

"हे कोन?" सासऱ्यानं काठी माझ्याकडे केली.

"संगं आल्यात," तो म्हणाला.

"डाक्टर हाव?"

"नाही."

"सरकारी?"

"नाही. हा जिथं दर रविवारी येतो तिथं मीही येतो."

"म्हंजी तुमी बी पेता?"

"पीत होतो."

मेहुण्यानं मोबाइल खाली ठेवला. "आबा, एका बेवड्याला सोडवाया दुसरा बेवडा आलाय. जामीन बी बाटलीतलाच."

"कुठले तुमी? आडनाव काय?" सासऱ्यानं विचारलं.

मी आडनाव सांगितलं. मग आत बघून त्यानं चहा सांगितला. घरच्यांना स्टीलच्या पेल्यात आला. मला आणि जावयाला कागदी कपात. ते आडनावामुळे की दारूमुळे, हे मी विचारलं नाही. जावयानं माझ्या कपाकडे पाहिलं, आपल्या कपाकडे पाहिलं आणि चहा बांधावर ओतून टाकला. मी प्यालो. थंडीचे दिवस होते.

देऊळ वस्तीच्या मागं होतं. पत्र्याचं छप्पर, आत शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, पुढं पितळी ताटलीत भंडारा. पुजारी घरातलाच, सासऱ्याचा चुलतभाऊ. आजूबाजूच्या वस्त्यांवरची चार-पाच माणसं बोलावलेली होती. बायको मुलीला घेऊन चौकटीबाहेर उभी राहिली. सासऱ्यानं नातीला दंडाला धरून आत आणलं आणि बापापुढं उभं केलं.

"ठिव हात. उचल. म्हण, जल्मात पेनार न्हाई."

त्यानं ताटलीतला भंडारा उजव्या मुठीत घेतला. डावा हात मुलीच्या डोक्याजवळ नेला, टेकवला नाही.

"मामा, मी आजच्या दिसाचा उचलतो."

"काय?"

"आज पेनार न्हाई. उद्या सकाळी उद्याचा उचलीन. रोज उचलीन."

आधी कुणाला कळलं नाही. मग मेहुणा हसला आणि त्याच्यामागं सगळे.

"देवाला काय रोजंदारीवर लावलाय का बे?" सासरा म्हणाला. तो हसत नव्हता. "सकाळी हजर, सांजच्याला सुट्टी?"

"हजेरी कोन घेनार?" मेहुणा. "हे रईवारवाले घेत्याल."

"ह्यांच्या तिथं तसंच सांगत्यात," जावई म्हणाला आणि माझ्याकडे वळला. मला बोलू नको म्हणणारा तोच आता मी बोलावं म्हणून बघत होता.

"जन्माची शपथ यानं एकदा घेतली आहे," मी म्हणालो. "ती टिकली नाही हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही एका दिवसाचंच बोलतो. त्यातून काहींचे बरेच दिवस झाले आहेत."

"आन् काहींचे?"

"काही परत प्याले."

"खरं बोलतंय हे," पुजारी म्हणाला.

सासऱ्यानं काठीनं मला जवळ बोलावलं. "मग आसं करा. ह्याच्या मुठीवर तुमचा हात ठिवा. जामीन ऱ्हावा. ह्यानं मोडला तर तुमच्यावर बी येऊ द्या. मग मी एका दिसाचा बी मान्य करतो."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेताना ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्या मला पाठ आहेत, आणि इतर देवांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा त्यात अगदी सुरुवातीलाच येते. मी हात मागं घेतला.

"मी भंडाऱ्याला हात लावत नाही."

"कावून?"

"आमच्यात चालत नाही."

"बगा," सासरा चार माणसांकडे वळला. "ह्याचा देव मानत न्हाई, ह्याच्या हळदीला शिवत न्हाई, अन् ह्याच्यासाठी बोलाया आलाय. कशाला आलास बाबा? फुकटचा च्या प्यायला?"

जावई माझ्याच अंगावर आला. मूठ तशीच मिटलेली, बोटांच्या फटीतून हळद गळत होती. "लाव की हात! रईवारी काय म्हणलास? हळद तर हाय. लाव!"

"तू ती नुसती हळद समजत असतास तर लावला असता," मी म्हणालो. "तू समजत नाहीस. माझा हात खोटा पडेल आणि तुला ते माहीत असेल."

"मर तिकडं," तो म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

सासरा म्हणाला, "झालं. जल्माचा उचल, न्हाईतर चालता हो. पोरगी अन् नात हितंच ऱ्हातील." त्यानं जावयाचा डावा हात मनगटाला धरला आणि मुलीच्या डोक्यावर दाबला. जावयानं हिसका दिला नाही. त्याचे ओठ हलायला लागले. तो म्हणणार होता. मेंढरं कशी गेली हे ज्यानं खोलीत बसून सांगितलं होतं, तो बायको मिळावी म्हणून पोरीचं डोकं गहाण टाकायला निघाला होता, आणि त्याला थांबवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"हात काढा तिच्या डोक्यावरचा."

बायको चौकट ओलांडून आत आली होती. अंगाला लोकर चिकटलेली, आवाज सपाट. तिनं बापाचा हात सोडवला, नवऱ्याचा हात झटकला आणि मुलीला आपल्यामागं घेतलं.

"तू भाईर हो," सासरा म्हणाला. "हे गड्यांचं काम हाय."

"गड्यांचं काम मी धा वर्सं बघतीया. पेनार हा. शब्द मोडनार हा. अन् देव नेनार माझ्या लेकराला? ह्याच्या घशाचं माझ्या लेकरानं कावून भरायचं? आबा, तुमाला जावई नीट पायजे का नात पायजे, ते ठरवा."

"तुझ्या भल्यासाठीच करतोय."

"तुमाला चार मानसांत तोंड दाखवायचंय म्हणून करताय. मागच्या बारीला बी ह्येच केलं. मेंढरं माझी बी व्हती."

मेहुणा म्हणाला, "आक्के, गप ना."

"तू आधी तुझं बग. हळदीच्या दिशी ह्येला फोन करून ‘दाजी, मज्जा हाय तुमची’ कोन म्हणलं? तूच ना?"

मेहुण्यानं मोबाइल पुन्हा हातात घेतला.

ती नवऱ्यापुढं उभी राहिली. "मूठ उघड."

त्यानं उघडली. तिनं त्याच्या तळहातावरची हळद आपल्या तळहातावर ओतून घेतली. खाली पडलेली तशीच राहू दिली. पुजारी पुढं झाला. "बाईनं उचलायचा न्हाई. रीत न्हाई."

"पेनाऱ्यानं उचललेला देवाला चालतो. मग मी उचललेला कावून न चालंल?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "अन् आज उचलत बी न्हाई मी. संगं नेते."

कमरेची कापडी चंची काढून तिनं हळद तिच्यात भरली, दोरी आवळली.

"ऐक," ती नवऱ्याला म्हणाली. "तू कसलाच शब्द देऊ नको. एका दिसाचा न्हाई अन् जल्माचा बी न्हाई. तुझ्या शब्दाला मी कटाळले. ज्या दिशी तू पेलेला दिसशील, त्या दिशी ह्यो भंडारा मी उचलीन, ह्याचं तोंड पुन्ना बघनार न्हाई म्हणून. अन् माझ्यानं मोडत न्हाई. ते तुला ठावं हाय."

त्याला ठाऊक होतं. हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, कारण सासऱ्याच्या काठीपुढं जो घाबरला नव्हता तो आता घाबरला होता.

सासरा देवळाबाहेर पडला. "जा मग. तुझं तू ठरवलंस ना? परत आलीस तर हितं जागा न्हाई."

"जागेचं नंतर बघू," ती म्हणाली आणि कपडे आणायला घरात गेली.

परत येताना तिनं माझ्यापुढं थांबून मला नीट पाहून घेतलं. मुलीनं तिचा पदर धरला होता.

"तुमी तिथं रईवारी काय करता?"

"बसतो. बोलतो."

"पुजा?"

"काही जण प्रार्थना करतात. मी करत नाही."

"बोलून काय व्हतं?"

मी खरं तेच सांगितलं. "रविवार जातो."

"आन् सोमवारी?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. सोमवारी मी सकाळी कामाला बसतो आणि संध्याकाळी तपासलेला मजकूर देऊन परतताना दारूच्या दुकानाचा रस्ता टाळतो.

"बरं," ती म्हणाली. "तुमी हात लावला न्हाई ते बरं केलं. लावला आस्ता तर पोरीच्या डोक्यावर शपथ झाली आस्ती अन् आबा जितलं आस्तं. पर तुमी बोलता लई. तो आसाच बोलतो पेल्यावर."

बांधावरून उमापूरला निघालो तेव्हा ती पुढं, मुलगी तिच्या मागं, मग तो, शेवटी मी. तो मध्येच थांबून माझी वाट बघत उभा राहिला. आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुझ्यामुळं झालं न्हाई हे," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलेलं नाही."

"काकांना बी तसं सांगायचं न्हाई."

"झालं तेवढं सांगेन."

"हा, सांग. छाप पेपरात." आणि तो पुढं गेला.

स्टँडवर गाडी उभीच होती. ती खिडकीजवळ बसली, मुलीला मांडीवर घेतलं आणि शेजारच्या जागेवर कपड्यांची पिशवी ठेवली. तो समोर उभा राहिला, मग दांडी धरून बाजूला झाला. मी मागं बसलो. वाहक आला तेव्हा नवऱ्यानं खिशातून नोट काढली. "अडीच द्या, गेवराई."

"माझं अन् पोरीचं मी काढते," ती म्हणाली. "बायकांचं अर्धं आस्तंय. एक बाई, एक हाफ."

वाहकानं दोघांकडे पाहिलं. "एकत्र न्हाई का तुमी?"

तिनं सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्यानं आपलं तिकीट वेगळं काढलं. गाडीत जागा होत्या, तरी तो उभाच राहिला. कपाशीची शेतं गेली, एका फाट्यावर देशी दारूचं दुकान आलं. तिनं मान वळवली नाही. त्यानंही नाही. मी दोघांकडे बघत होतो, म्हणून मला हे सांगता येतं.

पुढच्या मोठ्या थांब्यावर बाजाराची गर्दी चढली. बोचकी, पिशव्या, एका म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडा. दोन-तीन माणसं तिच्या शेजारच्या जागेकडे सरकली. तिनं पिशवी उचलून पायाशी घेतली. कुणी बसायच्या आत तो तिथं बसला. मुलीनं पाय लांब करून त्याच्या मांडीवर टाकले. बायकोनं त्याला उठ म्हटलं नाही.